शेवटचा फोन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. प्रकृती बरी आहे, गुडघ्याची कुरकूर चालूच असते, त्यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. आपण दोघांनी मराठीत आणलेले इंग्रजी लेखक प्रीस्टलीचे ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ हे नाटक संस्थेतली नवी मंडळी पुन्हा बसवत आहेत, हे नानांनी तुला कळवले असेलच. परवा मी तालमीला गेलो. मुलांचे पाठांतर चोख आहे, बर्लिंगच्या मुलीचे, शीलाचे, काम करणारी मुलगी फारच ताकदीची आहे. पण शेवटचा फोन दिग्दर्शकाने काढून टाकला आहे.

नाटक तुला पाठच आहे: कारखानदार बर्लिंगच्या घरी मेजवानी चालू असताना इन्स्पेक्टर येतो, इव्हा स्मिथ नावाच्या मुलीने आत्महत्या केल्याचे सांगतो आणि तिच्या नाशात घरातल्या प्रत्येकाचा हात असल्याचे दाखवून निघून जातो. मग इन्फर्मरीत, म्हणजे इस्पितळात, अशी कुणी मुलगी आलेलीच नाही, हे शीलाचा वाग्दत्त वर जेराल्ड याने केलेल्या फोनवरून कळते, बर्लिंगच्या जिवात जीव येतो, पेले पुन्हा भरले जातात, आणि आता त्या हसण्यावरच पडदा; खरोखरच एक मुलगी मेल्याचे सांगणारा मूळचा शेवटचा फोन वाजतच नाही. कारण विचारले तेव्हा त्याने दोन सांगितली. एक, आजच्या प्रेक्षकाला असले गूढ पचत नाही. दुसरे, अशी माणसे नेहमी सुटतात आणि तेच दाखवणे अधिक खरे आहे. पहिले कारण मी बाजूला सारू शकतो. दुसऱ्याने मात्र माझी झोप उडवली आहे, कारण ते खोटे नाही. आणि जाहिरातीत रूपांतरकार म्हणून नावे आपल्या दोघांची जाणार आहेत.

आपले जुने भांडण तुला आठवत असेल. तुझ्या मते खरा प्रीस्टली १९२९ च्या ‘द गुड कंपॅनियन्स’ या कादंबरीत आहे आणि त्याची काळाशी खेळणारी नाटके म्हणजे नुसती हातचलाखी. अण्णांच्या ओट्यावर यावरून आपण एकमेकांशी बोलणे टाकले होते, आणि वहिनींनी भजी आणल्यावर शेवटचे भजे कुणाचे यावरून पुन्हा सुरू केले होते! त्या कादंबरीने त्याला पैसा आणि मोकळीक दिली, त्याच बळावर तो रंगभूमीकडे वळला, हे मला कायम मान्य होते. पण तू ज्याला सर्वांत कृत्रिम म्हणायचास, ते १९३२ चे ‘डेंजरस कॉर्नर’ मी काल रात्री पुन्हा वाचले आणि मला हवे होते ते तिथेच सापडले. सिगारेटच्या एका डबीवरून साधा प्रश्न निघतो, खोदत खोदत एकेकाची चोरी, लफडी, एका मृत्यूमागचे सत्य असे सगळे बाहेर येते. मग काळ मागे सरकतो, तीच संध्याकाळ पुन्हा सुरू होते, या वेळी रेडिओवर नाचाचे संगीत लागते, प्रश्न विरून जातो आणि मंडळी मजेत नाचू लागतात. म्हणजे आपल्या दिग्दर्शकाला हवा असलेला शेवट प्रीस्टलीने स्वतःच आधी लिहिला होता. माणसे सुटतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होते. असे असताना नंतरच्या ‘इन्स्पेक्टर’मध्ये त्याने तो शेवट जाणूनबुजून नाकारला, आणि माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीवर उभा आहे.

मधल्या वर्षांत काय घडले ते पाहा. १९३३ च्या शरद ऋतूत तो इंग्लंडभर हिंडला आणि ब्रॅडफर्डला, आपल्या गावी, जुन्या पलटणीच्या जेवणाला गेला. गरीब सोबत्यांना फुकट तिकिटे देऊ केली होती, तरी काही जण आले नाहीत, कारण चारचौघांत बसण्याजोगे कपडे त्यांच्याकडे नव्हते. या प्रवासावरच्या त्याच्या ‘इंग्लिश जर्नी’ पुस्तकातले ते पान मी कितीदा वाचले तरी पुढे सरकवत नाही. याच माणसांना १९१४ साली गणवेश द्यायला सरकारकडे पैसा होता. पुढे १९४० मध्ये, डंकर्कहून ब्रिटिश सैन्याने माघार घेतल्यानंतर, रविवारी रात्री बातम्यांपाठोपाठ तो बीबीसीवरून बोलू लागला आणि सांगू लागला की या वेळी युद्धानंतर जुन्या जगाकडे परत जायचे नाही. लक्षावधी लोक ऐकत असतानाही त्याच शरदात ती मालिका थांबली. ‘इन्स्पेक्टर’ लिहून झाले तेव्हा लंडनमध्ये नाट्यगृह मिळेना, म्हणून १९४५ मध्ये ते आधी सोव्हिएत रशियात झाले, आणि लंडनला १९४६ मध्ये आले.

आता नाटक घडते ते वर्ष घे. १९१२ च्या वसंतात प्रीस्टली सतरा वर्षांचा होता आणि ब्रॅडफर्डमध्ये लोकरीच्या व्यापाऱ्याकडे कारकुनी करत होता. टायटॅनिक बुडणार नाही, युद्ध होणार नाही, असे छाती फुगवून सांगणारे बर्लिंग त्याने अगदी जवळून पाहिले असणार. इव्हा स्मिथ आठवड्याला साडेबावीस शिलिंगांऐवजी पंचवीस मागते म्हणून तिला कामावरून काढणारा हा माणूस, आणि त्याचा मुलगा एरिक दोन वर्षांनी भरतीच्या ऐन वयाचा. प्रीस्टली स्वतः १९१४ मध्ये भरती झाला, १९१६ मध्ये तोफगोळ्याने ढासळलेल्या खंदकात गाडला जाऊन वाचला. त्याचे बरेचसे दोस्त वाचले नाहीत. १९४५ च्या प्रेक्षकाला ठाऊक होते की पहिल्या युद्धातून युरोप काही शिकला नाही, म्हणून दुसरे आले. इन्स्पेक्टर एकदा येऊन जातो, बर्लिंग काही शिकत नाही, म्हणून फोन वाजतो: एक मुलगी आत्ताच मेली आहे आणि पोलीस चौकशीला निघाले आहेत. यात भुताटकी कुठे आहे? फोन काढला की नाटकातून दुसरे महायुद्धच काढून टाकल्यासारखे होते, आणि उरते एका बनावट इन्स्पेक्टरने केलेली फजिती.

आपल्या प्रयोगात नाना घंटा वाजवायच्या ऐवजी विंगेत चहा पीत होते, आणि बर्लिंग झालेला तू चिरूट झाडत, तसबिरी सरळ करत, शेवटी पोर्ट वाइनच्या गुणांवर पदरचे भाषण ठोकत बराच वेळ काढलास. प्रेक्षक पोट धरून हसले. पण घंटा वाजली आणि ते सगळे एकदम गप्प झाले, हेही तुला ठाऊक आहे. ती शांतता या मुलांना मिळू नये, हे मला सहन होत नाही.

संस्थेत माझा शब्द म्हातारपणाचा हट्ट ठरेल. तू त्या दिग्दर्शक मुलाला शिकवले आहेस, तुझे तो ऐकेल. ‘डेंजरस कॉर्नर’चा मुद्दा त्याच्यापुढे ठेव, कारण तो वाचणारा मुलगा आहे आणि प्रीस्टलीने दोन्ही शेवट करून पाहिले होते, हे त्याला नक्की विचारात पाडेल. तरीही त्याला पटले नाही, तर नावे मागे घ्यायची का, हे आपण दोघांनी मिळून ठरवू. एकट्याने मी ते करणार नाही.

धाकटीचे बाळंतपण सुखरूप झाले का? नवी जागा मानवली का? वहिनींना नमस्कार सांग, चिरंजीवांच्या नोकरीचे कळव. तुझ्याकडची हस्तलिखित संहिता कुरियरने पाठव. तिच्या समासात शेवटच्या प्रवेशाच्या हालचाली तू पेन्सिलीने लिहिल्या आहेत आणि माझ्या प्रतीत त्या नाहीत. रविवारी तिसऱ्या अंकाची तालीम आहे, त्याआधी त्याला फोन कर.

तुझाच,
जुना सहरूपांतरकार