इतिहासाची फी स्वस्त, वाट पाहणं महाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शैक्षणिक कर्जावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. कला शाखेसाठी, त्यातही इतिहासासारख्या विषयासाठी कर्ज काढणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, असा त्याचा सूर होता. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. माझी थोरली मुलगी इतिहासात एम. ए. आहे. म्हणजे या खात्याच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

आधी कबुली देतो. दिल्लीला इतिहासात एम. ए. करायला निघालेल्या एका मुलाचा अर्ज मी टेबलावरूनच परत पाठवला होता. 'डी. एड. कर, लवकर चिकटशील' असा वर सल्लाही दिला. पुढे डी. एड.वाल्यांना नोकऱ्या मिळेनाशा झाल्या, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मुलाचं काय झालं ते मला माहीत नाही.

लेखातला हिशेब चुकीचा नाही, पण तो इंजिनिअरिंगच्या मापानं केलेला आहे. पाच लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं मुदत धरली, तर हप्ता पावणेसात हजारांच्या आसपास बसतो. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर सवलत मिळते आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. हे सगळं कागदावर मांडता येतं. इतिहासाचं कर्ज असं मांडताच येत नाही, कारण ते फीचं नसतं. माझ्या मुलीची बी. ए.ची तीन वर्षांची फी वीस हजारांच्या आत भागली. एम. ए. कोल्हापूरला झालं, तेही आमच्या ऐपतीत. खरा खर्च पदवी हातात आल्यावर सुरू झाला.

२०१८ मध्ये ती पुण्याला गेली, लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी. कॉट बेसिसवर खोली, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज असे महिन्याचे साडेआठ हजार जायचे. चार वर्षांचे चार लाखांच्या वर झाले. यासाठी कुठली बँक शैक्षणिक कर्ज देते? परीक्षेच्या तयारीला ना प्रवेश मिळाल्याचं पत्र, ना कॉलेजचं फी स्ट्रक्चर. मग माझ्या ग्रॅच्युइटीतून काही काढलं आणि मंडळींच्या पाटल्या सोनंतारणात गेल्या. ज्या काउंटरवर मी लोकांचे दागिने तोलायचो, त्याच काउंटरच्या पलीकडे उभा राहून पावती घेतली. नव्या पोरानं मला 'सर, बसा ना' म्हटलं तेव्हा कसंनुसं झालं.

त्यात परीक्षाच वेळेवर होईना. एप्रिल २०२०ची पूर्वपरीक्षा कोरोनामुळे लांबली. मार्च २०२१ मध्ये ती तीन दिवसांवर आलेली असताना पुन्हा पुढे ढकलली आणि नवी पेठेत मुलं रस्त्यावर उतरली, हे आपणही छापलं होतं. परीक्षा ठरल्या तारखेच्या आठवडाभरानंतर झाली. पण त्या एका वर्षाचं खोलीभाडं आणि मेसचं बिल कुणाच्या नावे टाकायचं? सोनंतारणाचं व्याज तर आयोगाचं वेळापत्रक बघून थांबत नाही.

मग सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झाली आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या पैशावर, लागली. नाव घेत नाही. आठवड्याला नऊ तास. पहिल्या वर्षी शिकवलेल्या तासांचे पैसे एप्रिलमध्ये एकरकमी आले. महिन्यांनी भागले तर सतरा-अठरा हजार, सुट्टीचे महिने कोरडे. घरात 'प्राध्यापक' म्हणून कौतुक आणि मोबाइलचा रिचार्ज माझ्याकडून! कायम नोकरीसाठी एका संस्थेनं किती 'देणगी' सांगितली तो आकडा इथे लिहीत नाही. इतकंच सांगतो, की त्या रकमेला माझ्या बँकेनं घर तारण मागितलं असतं.

आता दुसरी बाजू. एम. ए.नंतर तिनं हौस म्हणून जुन्या मोडी लिपीचा वर्ग केला होता. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि मग हात न उचलता खाली अक्षरं टांगत जायची, हे ती जेवणाच्या टेबलावर गिरवत बसायची तेव्हा मला तो वेळेचा अपव्यय वाटे. २०२३ मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, गावोगाव कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक घेऊन माणसं आमच्या दारात येऊ लागली. एका आजोबांच्या वहीत जातीच्या रकान्यात नुसतं 'कु', म्हणजे कुणबी, होतं. तिनं ते भिंगातून दाखवलं, तेव्हा आजोबा बराच वेळ बोललेच नाहीत.

ती लाट ओसरली, पण काम सुरू राहिलं. जमिनीचे दावे, इनामाचे कागद, वाड्याच्या वाटण्या. अक्षर किती किचकट त्यावर पानाला दोनशे ते पाचशे मिळतात. गेले वर्षभर तिची या कामाची कमाई तासिकांपेक्षा जास्त आहे. पण हे तिला पदवीनं दिलेलं नाही. पदवीच्या बाहेर, दहा-बारा दिवसांच्या एका वर्गानं दिलं. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पडून आहेत, २०२५ मध्ये बारा मराठा किल्ले जागतिक वारशात गेले, आणि इतिहासाच्या पदवीधरानं फक्त स्पर्धा परीक्षेची वाट धरावी, हे मला पटत नाही.

म्हणून विनंती, की पुढच्या वेळी असा लेख छापताना फी आणि पगार एवढेच दोन रकाने नकोत. पदवी आणि पहिली पक्की कमाई यांच्यात किती वर्षं गेली, आणि ती कुणाच्या पैशानं गेली, हा तिसरा रकाना घाला. तासिकांचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळावेत, यावर एखादा अग्रलेखही लिहा. सरकारला त्यासाठी जादा पैसा लागणार नाही, तारीख पाळावी लागेल.

पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे. यंदाचं व्याज ती भरणार म्हणते.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
कराड, जि. सातारा