आधी मशीनपाशी या, मग मोटिव्हेशनचं बोला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत मी ३१ वर्षं मशीन शॉपमध्ये काढली, आधी ऑपरेटर, मग सुपरवायझर, आता रिटायर. परवा जुन्या शॉपमधला एक पोरगा भेटला, सांगत होता की कंपनीने बाहेरून ट्रेनर बोलावला, हॉटेलात अर्धा दिवस मोटिव्हेशनचा प्रोग्राम झाला, टाळ्या वाजवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला आला तर कटिंगच्या वेळी थंडावा देणाऱ्या कूलंटचा पंप महिनाभर बंद होता तो बंदच. मला फार वाईट वाटलं म्हणून हे पत्र.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, एका हाऊसिंगचं, म्हणजे धातूच्या कव्हरसारख्या पार्टचं, काम चालायचं. फिक्स्चरच्या, म्हणजे जॉब (तो पार्ट) पकडून ठेवणाऱ्या साधनाच्या, पॅडवर धातूची बारीक चिप (कीस) अडकली की जॉब नीट बसायचा नाही, बोअर म्हणजे त्यातलं भोक सरकायचं आणि शिफ्टला आठ-दहा पीस रिजेक्ट. रोज मीटिंगमध्ये ऑपरेटरचं लक्ष नाही, ऑपरेटर आळशी, हेच. तिथल्या एका पोराने स्क्रॅपमधला हवेच्या पीयू (प्लास्टिकच्या) पाईपचा तुकडा घेतला, पुढे छोटं नोझल लावलं, जॉब काढला की हवा आपोआप पॅडवर येईल अशी सोय केली. त्याच्या मशीनवर दोन दिवसांत रिजेक्शन जवळपास थांबलं. तिसऱ्या दिवशी साहेब आले, म्हणाले हे कोणाला विचारून लावलं, काढ, तुझं काम बटण दाबायचं. पोराने मान खाली घालून पाईप काढला आणि त्यानंतर वर्षभर एक शब्द बोलला नाही, आठ तास भरले की पंच करून घरी. मी तिथेच उभा होतो आणि साहेबांपुढे गप्प बसलो, ते अजून लागतं मनाला.

नंतर दुसरे मॅनेजर आले. ते शिफ्ट सुरू झाली की लॅपटॉप केबिनमध्ये ठेवून दहा मिनिटं लाईनवर फिरायचे, एकच प्रश्न, "काय अडतंय?" खिशातल्या डायरीत लिहून घ्यायचे आणि महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे उत्तर घेऊन यायचे. नाही म्हणायचं असलं तरी का नाही ते सांगायचे, बजेट नाही तर नाही. कंत्राटी पोरांनाही नावाने हाक मारायचे. तीनेक महिन्यांनी तो पाईप परत लागला, तिन्ही मशीनवर, आणि बसवायला त्याच पोराला बोलावलं.

पैशाचं महत्त्व नाही असं माझं म्हणणं अजिबात नाही, ओव्हरटाईम वेळेवर मिळत नसेल तर कौतुकाचे शब्द कुणाला ऐकू येणार? फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून हेच मांडलं होतं, की पगार, नियम, साहेबाचं वागणं बिघडलं तर माणूस नाराज होतो, पण कामात जीव ओततो तो काहीतरी जमल्याचं समाधान, त्याची दखल आणि जबाबदारी मिळाली की. टोयोटाने १९५१ पासून कामगारांच्या सूचना घ्यायची पद्धत सुरू केली, तिथे लाईनवरचा साधा माणूस दोरी ओढून लाईन थांबवू शकतो. आपल्याकडे कायझेनचे, म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा करायच्या जपानी पद्धतीचे, बोर्ड खूप कंपन्यांत लागलेत, पण सूचनेच्या पेटीची चावी कोणाकडे आहे हे आमच्या इथे सहा महिने कुणाला माहीत नव्हतं.

आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते हो. एकाला मशीनचं सेटिंग शिकायचं असतं, एकाला पोरीच्या परीक्षेपुरती नाईट नको असते, हे विचारल्याशिवाय कसं कळणार? भिंतीवर महिन्याच्या बेस्ट कामगाराचा एक फोटो लावून बाकीच्या चाळीस जणांना काय मिळतं?

शेवटी एक विनंती. तुमच्या उद्योगाच्या पानावर मालकांच्या, डायरेक्टर लोकांच्या मुलाखती येतात, मी आवडीने वाचतो. एखाद्या रविवारी भोसरी-चाकणच्या ऑपरेटरच्या पण छापा, त्यांना काय अडतंय तेवढंच विचारा.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर, भोसरी