मूल परत पाठवण्याचा निर्णय वेळेत व्हावा

संपादक महोदय,

आई किंवा वडील मुलाला परस्पर परदेशी घेऊन जातात तेव्हा १९८०च्या हेग करारानुसार न्यायालयाने ताबा कोणाला द्यायचा हे ठरवायचे नसते, तर मूल नेहमी राहत होते त्या देशात त्याला परत पाठवायचे की नाही, एवढेच पाहायचे असते. त्यासाठी करारात सहा आठवडे अपेक्षित असताना अपिलांमध्ये कितीतरी काळ जातो. तोवर फोनवर दुसऱ्या पालकाशी बोलताना मुलाला जुन्या भाषेतले साधे शब्दही आठवेनासे होतात. हा विलंब मला अक्षम्य वाटतो. मात्र घरातील हिंसाचारामुळे मुलासह निघून आलेल्या आईच्या बाबतीत करारातील कलम १३ मधील ‘गंभीर धोका’ (परत पाठवल्यास मुलाला इजा होण्याची शक्यता, ज्या कारणाने परत पाठवणे नाकारता येते) न्यायालयांनी घाई न करता, कसून तपासावा.

– एक वाचक