दर तोच, बिल दुप्पट : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

महोदय,

मालमत्ता कर वाढणार नाही, असा शब्द आम्हाला प्रचारसभांत मिळाला होता. दर वाढला नाही, हे खरे. पण फेरमूल्यांकनात करयोग्य मूल्यच, म्हणजे ज्या रकमेवर कर मोजतात तीच, वाढवली आणि आमच्या गाळ्याचे बिल जवळजवळ दुप्पट झाले. याला शब्द पाळणे म्हणतात का?

मी छोटा छापखाना चालवतो. गाळा भाड्याचा आहे आणि कर भाडेकरूने भरायचा, असे करारातच आहे. म्हणजे किंमत वाढली मालकाच्या मालमत्तेची, बिल भरायचे मी. हरकतीची नोटीसही मालकाच्या नावाने गेली. मला कळले तेव्हा मुदत उलटली होती. आयकर निदान कमाई झाली तर लागतो, हा कर मशीन बंद असले तरी चुकत नाही. मदतनीस मुलाला आता अर्धाच दिवस बोलावतो. त्याला हे सांगताना माझी मान वर होत नव्हती. एवढे भरूनही कचरा आम्ही वर्गणी काढून उचलून घेतो.

थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24 टक्के! न्यायालयात अपील करायचे तर वादातली रक्कम आधी भरा. अहो, पैसे असते तर भांडलो कशाला असतो?

मुळात महापालिकांना या टोकाला आणले कोणी? जकात गेली. 2015 मध्ये 50 कोटींखालच्या उलाढालीचा एलबीटी, म्हणजे जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर, गेला. 2017 मध्ये जीएसटी आला. शहराच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो हाच, मग खड्डा कुठलाही असो, भरपाई गाळ्यांतून. शहरांना अधिकार देणारी 74वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, तरी शहरे राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसलेली. 2022 नंतर तर कित्येक महापालिकांत वर्षानुवर्षे प्रशासक होते. दाद मागायला नगरसेवकच नव्हता.

फेरमूल्यांकनाने होणाऱ्या वार्षिक वाढीला कायद्यानेच मर्यादा घाला. जो कर भरतो त्या भाडेकरूलाही नोटीस द्या. हरकतीचा निकाल लागेपर्यंत शास्ती थांबवा. यातले काय करणार आणि कधी, ते लेखी कळवा. सभेतला शब्द आता आम्हाला चालणार नाही.

आपला,
एक छापखानेवाला