अंगणातल्या सातविणीसाठी परवानगी हवी आहे, पण वेळेवर

प्रति,
मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

आमच्या अंगणात सातवीण आहे. पुस्तकात सप्तपर्णी म्हणतात ती. 2007 च्या पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या कार्यक्रमातून रोप मिळालं आणि आमच्या ह्यांनी हौसेनं ते निजायच्या खोलीच्या खिडकीपासून सहा हातांवर लावलं. चिकामुळे गुरं तोंड लावत नाहीत, वाढ भराभर, बारमाही हिरवं, सावली गर्द. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. मग ते फुलायला लागलं.

नवरात्र सरलं की सुरू होतं. दिवसा फारसं जाणवत नाही, पण दिवेलागण झाली की वास उठतो. रात्रीच्या पतंगांना बोलवायचं असतं ना त्याला. संस्कृत कवींनी या वासाला हत्तीच्या मदाची उपमा दिली आहे. उपमा चोख आहे, फक्त तो हत्ती माझ्या खिडकीखाली बांधलाय. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवलं, केशर-वेलची-जायफळ सगळं घातलं, आणि नातीनं पेला नाकाशी नेऊन विचारलं, “आजी, यात काय पडलंय?” सासूबाई एकोणनव्वद वर्षांच्या, दमेकरी. फुलांनी दमा होतो असं मी म्हणत नाही, पण त्या महिनाभर त्यांना खिडकी उघडी ठेवता येत नाही आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात बंदही ठेवता येत नाही. देवदिवाळीपर्यंत आम्ही पुढच्या खोलीत गाद्या घालतो.

झाड आवडत नाही म्हणून मी हे लिहीत नाही, हे आधी सांगते. 2025 च्या नोव्हेंबरात कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाला, म्हणजे साधुग्रामासाठी, तपोवनातली झाडं जाणार म्हटल्यावर नाशिककर रस्त्यावर उतरले, त्यांत मीही होते. सातवीण परकी नाही, आपल्या सह्याद्रीच्या रानातलीच आहे. साल तापावरच्या औषधात जाते. लाकडाच्या पाट्या आणि वर्गातले फळे व्हायचे, म्हणून ‘अल्स्टोनिया स्कोलॅरिस’ या शास्त्रीय नावात शाळा आली. जन्मभर खडू धरलेल्या बाईला त्याचं अप्रूप वाटणारच. शांतिनिकेतनात पदवीदानाला हिचंच पान हातात देतात. दोन शेतांपलीकडून आला तर हा वास मलाही आवडेल.

मला झाड तोडायचं नाही. छाटायचं आहे. फुलांचे झुबके फांद्यांच्या टोकांना येतात. कळ्या धरायच्या आत टोकं उतरवली, तर त्या साली फुलोरा फार कमी येतो आणि झाडाचा जीवही जात नाही. पण 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा घरच्या अंगणालाही लागू आहे, आणि मोठी छाटणी करायची तर आधी परवानगी लागते. कायदा हवाच. तो नसता तर गंगापूर रोडला आज सावली उरली नसती.

तर मी अर्ज केला. वास नोव्हेंबरात असह्य झाला म्हणून अर्जही नोव्हेंबरात केला, तिथे माझंच चुकलं. पाहणीला गृहस्थ आले जानेवारीत. झाडाखाली उभे राहिले, दोनदा श्वास ओढला आणि म्हणाले, “मॅडम, वास तर काहीच नाही.” खरंच नव्हता. चहा घेऊन ते गेले. त्यांचा दोष नाही, त्यांच्या फॉर्मात ‘धोकादायक’, ‘वाळलेले’, ‘बांधकामास अडथळा’ असे रकाने होते. वासाचा रकाना नव्हता.

त्याच आठवड्यात माळी म्हणाला, “ताई, कशाला कागद रंगवता? बुंध्याला भोक पाडून हिंग भरतो. दोन-तीन महिन्यांत आपोआप वाळतं.” वाळलं की मग परवानगीही झटकन मिळते, हेही त्यानं सांगितलं. हिंगानं झाड खरंच मरतं का, मी पडताळलं नाही. पण ‘आपोआप’ म्हणताना तो हसला, ते विसरता येत नाही. आमच्याच कॉलनीत दोन डेरेदार सातविणी अशा आपोआप वाळल्या आहेत.

मंत्रिमहोदय, हीच गोष्ट मला तुमच्या कानावर घालायची होती. सरळ वाट जानेवारीत उघडते आणि हिंगाची वाट बारा महिने उघडी असते. माणसं कुठून जातील?

सातविणीच्या छाटणीचे अर्ज पावसाळ्याच्या तोंडाशी घ्या आणि गणपती बसायच्या आत निकालात काढा, एवढं परिपत्रक तुम्ही सगळ्या पालिकांना धाडू शकता. कायद्याला हात लावावा लागणार नाही. छाटायचं किती, हे जाणकारानं ठरवावं; नाहीतर आमच्याकडे छाटणी म्हणजे खांब करून ठेवतात. आणि रोपं वाटताना सातवीण अंगणासाठी देऊ नका. टेकडीच्या उतारावर लावा, मोकळ्या गायरानात लावा. घराजवळ बकुळ द्या, पारिजातक द्या, कडुनिंब द्या. रोपासोबत एक चिठ्ठी असती, तर आमच्या ह्यांनी खिडकी तरी टाळली असती.

यंदा अर्ज जूनमध्येच टाकते आहे. पाहणीला कुणी वेळेवर आलं, तर वास दाखवता येणार नाही. फांद्यांची टोकं दाखवीन. चहा आहेच.

आपली,
गंगापूर रोडवरची एक निवृत्त शिक्षिका, नाशिक