निखिल, दिवाळीला गाडी आणू नको

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

नाशिकहून तुझा "पोचलो" आला तेव्हा पहाटेचे पावणेपाच झाले होते. तुझी आई देवासमोर बसली होती, मी गॅलरीत. फाटकाशी आपलं जे झालं त्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो आणि मग आईला फोन काढून घ्यावा लागतो, म्हणून कागद घेतला.

पल्लवीवर रागावू नकोस. तिने आईला सांगितलं, आईने मला. आठवड्यातल्या चार-पाच रात्री तू तीन वाजता हॉलमध्ये बसलेला असतोस, असं वर्षभर चाललं आहे, आणि कपाटात गोळ्यांची स्ट्रिप आहे. आठवड्यात तीन रात्री आणि असे तीन महिने झाले की डॉक्टर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. तू त्याच्या केव्हाच पुढे गेलास. आणि तरी मारबतीची मिरवणूक पाहून आला, जेवला, ओवीचा लाकडी बैल डिक्कीत टाकला आणि रात्री साडेदहाला समृद्धीवर निघाला. सकाळी सहाचा उठलेला माणूस!

हे लिहायचं नव्हतं. असो.

माझी झोप रिटायर झाल्यावर गेली होती, हे तुला आईने सांगितलं असेल. रात्री दोनला डोळे उघडायचे, जणू ड्युटीला बोलवायला येणारा रेल्वेचा कॉल बॉय वही घेऊन दारात उभा आहे. आत्याने जायफळ सांगितलं, ते दुधात घेतलं. आईने काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळलं. बरं वाटायचं, पण झोप दोनलाच मोडायची. (जायफळ चिमटीएवढंच घ्यायचं हो, जास्त झालं तर उलटतं.) शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी गोळी लिहिली नाही, वही लिहायला लावली. किती वाजता पडलो, अंदाजे केव्हा लागली, कितीदा उठलो. ड्रायव्हरला वही नवीन नाही. त्यात निघालं की मी आठ-साडेआठ तास अंथरुणात असतो आणि झोपतो जेमतेम साडेपाच. डॉक्टर म्हणाले, मग साडेपाच तासच पडा. रात्री साडेअकराच्या आधी पलंगावर जायचं नाही आणि पहाटे पाचला उठायचंच, झोप लागो की न लागो. मध्ये जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत परत लागली नाही असं वाटलं, तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ बघायचं नाही. भिंतीवरचं मी उतरवूनच ठेवलं. दुपारी डुलकी नाही. नागपुरात मे महिन्यात कुलरसमोर, वाळ्याच्या वासात, जेवण झाल्यावर जागं राहणं काय असतं ते तुला माहीत आहे, त्यावर मी जास्त बोलत नाही. अंथरुणातल्या वेळापैकी 85 टक्के झोप होऊ लागली की पंधरा मिनिटं वाढवायची, मग आणखी पंधरा. पाच तासांच्या खाली मात्र सहसा आणत नाहीत.

याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे झोपेबद्दलच्या सवयी आणि विचार बदलून करायचा निद्रानाशाचा इलाज. अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संस्थेने 2016 साली सांगून ठेवलं आहे की जुन्या निद्रानाशात गोळीच्या आधी हे करा. नाशिकला शिकवणारे कुणी मिळतील. शोध. आणि पल्लवी म्हणते घोरतोस, मध्येच श्वास अडल्यासारखा होतो, तर ते आधी तपासून घे. ते वेगळं दुखणं आहे आणि त्यात झोपेच्या गोळीने बिघडू शकतं.

आता ऐक. हे सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न हाच विचारला होता, गाडी चालवता का? कारण पहिले काही आठवडे दिवसा झोप जास्तच येते. मी म्हटलं, आयुष्यभर चालवली, आता नाही. तुझ्या गोळीचंही तेच आहे, काहींचा अंमल सकाळीही उतरलेला नसतो. ती एका दिवसात बंद करू नको, तेही वाईट, डॉक्टरांना विचारून कमी कर. पण गोळी असो, वही असो, दोन्हीकडून उत्तर स्टिअरिंगवरच येतं.

तू फाटकाशी म्हणालास, "बाबा, तुम्ही रात्र-रात्र मालगाडी चालवली, मला काय सांगता?" चालवली. आमल्याचा घाट चालवला, भुसावळ, बल्लारशा चालवलं. पण ड्युटीवर चढण्याआधी लॉबीत तोंडाला दारू तपासायचं मशीन लावायचे. शेजारी असिस्टंट असायचा, प्रत्येक सिग्नल तो मोठ्याने म्हणायचा, मी मोठ्याने म्हणायचो. इंजिनात यंत्र बसवलेलं आहे. मिनिटभर कशालाच हात लागला नाही तर दिवा लागतो, मग भोंगा, आणि तरी हाललो नाही तर ब्रेक आपोआप लागतो. इतकं सगळं कशासाठी? पहाटे दोन ते पाच माणसाचा भरवसा नाही, हे रेल्वेला माहीत आहे म्हणून.

तुझ्या गाडीत यातलं काय आहे? समृद्धी 701 किलोमीटरचा, सिग्नल नाही, वळण नाही म्हणण्यासारखं. ताशी 120 ने एका सेकंदात 33 मीटर जातात. चार सेकंद डोळा लागला तर मालगाडीच्या बारा वाघिणींएवढं अंतर गाडी एकटी गेली. आणि लागलेला कळतही नाही. सतरा तास जागा असलेला माणूस शंभर मिली रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असल्यासारखा चालवतो असं तपासून पाहिलेलं आहे. आपला कायदा 30 ला पकडतो. तू दारूला शिवत नाहीस याचा मला अभिमान आहे, पण त्या रात्री सतरा तास तुझे वर्धा यायच्या आधीच झाले असतील. खिडकी उघडून, गाणी लावून जाग येत नाही. अंथरुणात जी झोप येत नाही ती तिथे बरोबर येते.

पुन्हा भाषण झालं. माफ कर. पन्नास जणांवर हुकूम चालवणारा पोरगा तू, अंबडच्या कारखान्यात तुझ्या सहीशिवाय माल बाहेर पडत नाही हे मी इथे सगळ्यांना सांगत असतो, तुझ्या आईला त्याचा कंटाळा आला आहे.

मला सारखं अजनीचं क्वार्टर आठवून राहिलं. मी रात्रीचा येऊन दिवसा झोपायचो आणि तू पायरीवर काठी घेऊन बसायचास. भंगारवाल्याला बोटाने गप्प करायचास. एकदा सिलिंडरवाल्यालाच परत पाठवलंस, "बाबा झोपले, नंतर या." आईने आठवडाभर स्टोव्हवर स्वयंपाक केला, तिला राग आला होता, पण तुला रागवायची तिची हिंमत झाली नाही. एवढंसं पोर, पण माझ्या झोपेची राखण करायचास. त्या झोपेच्या भरवशावर मी किती टन कोळसा सुखरूप ओढला असेल! तुझ्या दाराशी आता कोण बसेल, हा विचार करतो आणि मलाच जाग येते. हे डॉक्टरांना सांगायचं नाही.

मनावर काही ओझं असेल, कामाचं, कर्जाचं, तर मला नको सांगू. पल्लवीला सांग. 14416 वर सरकारचे लोक मराठीतही बोलतात, टेलिमानस म्हणतात, पैसे लागत नाहीत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मारबतीच्या मागे सगळे "रोगराई घेऊन जाय गे मारबत" ओरडत होते तेव्हा मी "जागरण घेऊन जाय" म्हणालो. तू ऐकलंस की नाही माहीत नाही. इतवारीत गर्दीच एवढी होती.

दिवाळीचं. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे पोळ्याच्या सुमारासच. तुला न विचारता मी काढलं. विदर्भ एक्स्प्रेस, नाशिकरोडहून, तिघांचं. ओवीला पाच पूर्ण झाली, बर्थ हवा तर पूर्ण तिकीट लागतं, ते लावलं. माझ्या पासात तू आता बसत नाहीस, म्हणून पैसे भरले, ते परत करायची गरज नाही. भाऊबीजेनंतरचं परतीचं या आठवड्यात उघडेल. रजा किती दिवसांची आहे तेवढं कळव.

तुझे बाबा