पावसाळी गटार, ‘बी’ विंगसमोरचा रॅम्प आणि माझे पाचवे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती

महोदय,

याच विषयावरचे हे माझे पाचवे पत्र. पहिल्या दोन पत्रांची पोच मिळाली. तिसऱ्याला ‘समितीच्या निदर्शनास आले आहे’ असे उत्तर आले. चौथे नोटीस बोर्डाच्या मागे पडलेले मला स्वतःला सापडले. ते सोबत पुन्हा जोडले आहे.

गेल्या मंगळवारी जेमतेम तासभर पाऊस झाला आणि पार्किंगमध्ये पोटरीभर पाणी चढले. पाऊस थांबल्यावर पुढचे चार तास ते जागचे हलले नाही. मागच्या सभेत मी हेच सांगितले, तर इतिवृत्तात ‘सदस्यांनी अतिवृष्टीबद्दल चिंता व्यक्त केली’ अशी नोंद झाली. पावसाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार उताराबद्दल आहे.

आपल्याकडची जमीन मुळात सपाट. पूर्वी भोवती मोकळे प्लॉट होते, पाणी तिथे पसरायचे आणि मुरायचे. आता तिथे इमारती आहेत, आणि दर डांबरीकरणाला रस्ता आपल्या गेटपेक्षा थोडा आणखी वर जातो. आपणही मागची माती झाकून पेव्हर ब्लॉक बसवले, तेही खाली काँक्रीटचा थर देऊन. (माझ्या बागेतल्या फरशीचा उल्लेख कोणीतरी करणारच. ती दहा बाय बारा फूट आहे, तिचा इथे संबंध नाही.) आपला प्लॉट साधारण ४,००० चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी होते. मुरायला जागाच नसेल तर त्यातले बहुतेक गटाराकडेच येणार.

यावर समितीचा उपाय काय, तर ६ इंची पाइप काढून १२ इंची टाकणे. व्यास दुप्पट केला की त्याच उतारावर पाइप सुमारे सहापट पाणी नेतो, हे मलाही मान्य आहे. पण उतार आहे कुठे? पाणी रेंगाळले की वाळू-माती तळाशी बसते; मोठ्या पाइपात एवढाच फरक की गाळ जास्त मावेल. शिवाय नाला भरला की आपल्या पाइपचे तोंड पाण्याखाली जाते आणि नाल्याचेच पाणी उलटे आत येते. गेल्या वर्षी आणलेला पंप पार्किंगमधले पाणी रस्त्यावर फेकत होता, ते गेटमधून परत येत होते, आणि पंप ते पुन्हा फेकत होता. डिझेल संपेपर्यंत हे चालले.

आता मूळ मुद्दा. ‘बी’ विंगच्या तळमजल्यावरील सदस्यांनी स्कूटर चढवण्यासाठी केलेला रॅम्प नेमका गटाराच्या वळणावरच्या चेंबरवर आहे. गाळ सर्वात आधी वळणावरच साठतो. ते झाकण तीन वर्षांत उघडलेले नाही, कारण उघडताच येत नाही. वर पाच कुंड्याही आहेत. मी सौजन्याने विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “चेंबर आहे की खाली, दिसत नाही इतकंच.” मी त्यावर काहीही बोललो नाही. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर बोलला असता.

सामाईक भागाची देखभाल समितीने करायची आणि सामाईक जागेत परवानगीशिवाय बांधकाम करायचे नाही, हे उपविधींमध्ये स्पष्ट आहे. ठरावीक रकमेच्या पुढील खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, हे कलम सचिवांनी मला दोनदा वाचून दाखवले. रॅम्प फोडायला कसली आली मंजुरी? ‘ए’ विंगमधल्या किमान नऊ जणांचे मत माझ्यासारखेच आहे. त्यांनी सह्या केल्या नाहीत, कारण शेजाऱ्यांशी वाईटपणा नको; लिफ्टमध्ये मात्र सगळे बोलतात.

तेव्हा पंधरा दिवसांच्या आत रॅम्प काढून चेंबर साफ करावे. पाइपची ऑर्डर देण्याआधी लेव्हल मोजून घ्यावी, आणि मोजणी नाल्याच्या तोंडापासून सुरू करून गेटकडे यावी, उलटी नव्हे. तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवावी. नाला भरलेला असताना ती बंद राहील आणि आपले पाणीही आतच अडकेल, म्हणून ते साठवायला मागच्या बाजूला टाकी लागेल; पंप लावायचाच तर त्या टाकीवर लावावा. टाकीसाठी पेव्हर ब्लॉक उखडावे लागले तर माझी हरकत नाही. माझ्या बागेची बाजू सोयीची नाही, हे आधीच नमूद करतो.

रॅम्प फोडताना मी हजर राहीन. कुंड्या उचलायलाही मदत करीन, फक्त त्या आमच्या जिन्यात आणून ठेवू नयेत.

आपला,
‘ए’ विंगमधील, मेंटेनन्स वेळेवर भरणारा सदस्य

सोबत: चौथे पत्र (तेच), फोटो ११